तेल घाल म्हटलं होतं

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. पुढे जे काही लिहिलं ते बालवाडीच्या रजिस्टरात, आणि तिथे नावं आणि आकडे सोडून फार काही लागत नसे. हे मी मुलाच्या जुन्या वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहिते आहे. कुणाच्या हाती पडलंच तर चुकांबद्दल माफ करावं आणि अर्थ लावून घ्यावा.

बुधीचं वजन सलग तिसऱ्या गुरुवारी पाच किलो चारशेच भरलं.

आमचा काटा स्प्रिंगचा होता. तो आंब्याच्या फांदीला टांगायचा. खाली कापडाची एक चड्डी लटकलेली असते, तिच्यात मूल बसवायचं आणि वरचा आकडा वाचायचा. मुलं घाबरून रडतात, पाय झाडतात, मग काटा हलतो आणि थांबावं लागतं. बुधी रडत नव्हती. ती चड्डीत नुसती लोंबत होती, त्यामुळे तिचं वजन घ्यायला सोपं जायचं. तेव्हा ती चौदा महिन्यांची होती.

डॉक्टरांनी काट्याला टिचकी मारली. पाच चारशे.

"बाई, तेल देता ना हिला?"

"देते," मी म्हटलं.

"किती?"

"रोज तीन चमचे. सकाळ, दुपार, संध्याकाळ."

ते बुधीच्या आईकडे वळले. तिचं नाव मंजी. "काय गं, घालतेस ना तेल?"

"घालते की," मंजी म्हणाली. "येक टायम चुकवली नाय."

डॉक्टरांनी तिला बाटली आणायला सांगितली होती. तिने ती पदराखालून काढून दाखवली. बाटली अर्ध्याच्या खाली आली होती. डॉक्टर मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "बाटली तर रिकामी होतेय. मग तेल जातंय कुणाच्या पोटात? घरात माणसं किती?"

"पाच."

"झालं तर. सासू-सासरे कालवणात ओतत असतील. लिहा रजिस्टरात. आईचे सहकार्य नाही."

सहकार्य हा शब्द मी आधी कधी लिहिला नव्हता. 'र्य' कसा काढायचा ते त्यांनी पेनाने माझ्या तळहातावर काढून दाखवलं. मी तसा काढला.

हे साल अठ्ठ्याऐंशीच्या आसपासचं. मी बदलापूरला हेंद्रेपाड्यात राहायचे. मिस्टर अंबरनाथला कारखान्यात. उल्हासनगरची एक संस्था चामटोलीच्या वरच्या वाड्यांवर बालवाड्या चालवायची. तिथपर्यंत रोज चालत जायला शिकलेली बाई मिळेना, म्हणून चौथीवालीला घेतलं. काम असं की मुलांना गोळा करायचं, गाणी म्हणायची, खिचडी शिजवायची आणि गुरुवारी डॉक्टर आले की वजनं घ्यायची. मोठ्या माणसांशी बोलायची मला भारी लाज वाटे. मुलांशी बोलायला काही वाटत नसे. वाडीतल्या बायकांना जे सांगायचं ते मी खाली बघून, दोन शब्दांत सांगून मोकळी व्हायचे. कुणाच्या घरात तर मी जातच नसे. संस्थेच्या मॅडम व्हिजिट करा म्हणायच्या. मी वाडीच्या तोंडाशी उभी राहून हाक मारायचे आणि रजिस्टरात व्हिजिट केली असं लिहायचे.

वजनावरून मुलांच्या ग्रेड ठरत. पहिली ग्रेड म्हणजे थोडं कमी, चौथी म्हणजे मूल वाचेल की नाही याची खात्री नाही. शाळेत वरचा वर्ग चांगला, इथे उलटं. बुधी चौथीत होती. मी मनात म्हणायचे, दोघी चौथीतच अडकलो.

पहिल्या वेळी डॉक्टरांनी मंजीला सांगितलं होतं, रोज एक अंडं दे.

"आमच्यात माळ हाय," मंजी म्हणाली. "सासऱ्यानं घातली. घरात अंडं नाय, मासळी नाय, सुकट पन नाय."

"दूध?"

मंजी हसली. वाडीत गाय एकच होती, आणि तिचं वासरूच उपाशी असायचं.

"मग तेल," डॉक्टर म्हणाले. "तेल घाला हिला." तेवढं बोलून ते पुढच्या मुलाकडे वळले. मंजी गेल्यावर त्यांनी मला नीट समजावलं. मुलाचं पोट त्याच्या मुठीएवढं असतं. पातळ पेजेने ते लगेच भरतं आणि अंगात काही जात नाही. वाटीभर पेजेत जेवढं बळ, तेवढं चमचाभर तेलात असतं, आणि तेलाला पोटात जागा लागत नाही. म्हणून ज्या घरात अंडं-दूध नाही, त्या घरात तेल, शेंगदाणे, तीळ, खुरासणी. यातलं जे स्वस्त मिळेल ते. रेशनचं पामतेलही चालेल, पण शेंगदाण्याचं किंवा खुरासणीचं असेल तर बरं. मला हे लगेच पटलं. आमच्या घरीही पळीला तेलाचा नुसता वास लावून फोडणी व्हायची, आणि माझी मुलं काही अंगाने भरलेली नव्हती.

तेल आणायचं कुठून, हा प्रश्न होता. बालवाडी तीन वर्षांच्या वरच्या मुलांची. बुधी त्यात बसत नव्हती. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, "तेल वरून मंजूर नाही, बाई. खिचडीत पडतं तेवढंच."

दर सोमवारी मी उल्हासनगरला तांदूळ-डाळ आणायला जायचे. ज्या शेठच्या दुकानातून संस्थेचा माल निघायचा, तो सिंधी म्हातारा होता. मी खूप वेळ तेलाच्या डब्यांकडे बघत उभी राहिले.

"बोलो बाई, क्या मंगता? बोलेगी तो पता चलेगा ना," तो म्हणाला. "हमारे यहाँ भगवान भी मांगे बिना नहीं देता, मैं तो दुकानदार है."

मी सांगितलं. त्याने सिंगतेलाची, म्हणजे शेंगदाण्याच्या तेलाची, अर्ध्या लिटरची बाटली भरून दिली आणि माझ्या नावावर लिहून ठेवली. पगाराला दे म्हणाला.

मंजी मात्र फुकट घेईना. "फुकटच्या औषदाला गुन येत नाय," म्हणाली. "लिवून ठेव. मी फेडीन." मी वहीत लिहिलं, तिचं समाधान झालं. मग बाटली आणि घरचा एक लहान चमचा तिच्या हातात देऊन मी खाली बघत म्हटलं, "रोज तीन वेळा. एक-एक चमचा तेल घाल पोरीला. सकाळ, दुपार, संध्याकाळ."

"घालते," ती म्हणाली.

एवढंच बोलणं झालं. ते मी त्यानंतर किती वेळा आठवून पाहिलं, त्यात एक शब्द कमी-जास्त नव्हता.

रजिस्टरात सहकार्य नाही असं लिहिलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी वर मंजीच्या घरी गेले. स्वतःहून नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं, जा आणि बघा तेल कोण खातंय. खिचडी वाटून झाल्यावर निघाले. वाटेत झऱ्यावर तीन-चार बायका भांडी घासत होत्या.

"बाई, मंजीकडं चाल्लीस?" एकीने विचारलं. "बघ जा. पोर भजीगत झालीय, नुसती तळायची राह्यलीय!"

सगळ्या हसल्या. मीही हसले. मला वाटलं, काळी-वाळलेली झाली म्हणून म्हणत असतील.

मंजी घराच्या सावलीत बसली होती. पाय लांब केलेले, पायांवर बुधी उघडी. शेजारी माझी बाटली, माझा चमचा. तिने चमचा भरला, बुधीच्या टाळूवर रिकामा केला आणि बोटांनी गोल-गोल जिरवायला लागली. मग टाळूवरचं ओघळलेलं तेल छातीवर, पोटावर, काडीसारख्या पायांवर ओढून घेतलं. चमचाभर तेल सगळ्या अंगाला पुरवायचं म्हणजे कौशल्य लागतं. तिला ते जमलं होतं. ओढ्यातला दगड चमकतो तशी पोरगी चमकत होती.

"आलीस?" मंजी म्हणाली. "बघ आता तुझ्या डोळ्यानं. त्यो डॉक्टर मना इचारतो घालतेस का. दुपारची येळ हाय, घालते बघ."

मी खाली बसले.

आम्हा बायकांत 'मुलाला तेल घालणं' म्हणजे टाळू भरणंच. माझ्या आईने मला घातलं, मी माझ्या मुलांना घातलं. बाळंतिणीच्या घरी गेलं की पहिला प्रश्न असतो, तेल घालायला कोण येतं? मंजीची पोर सुकली होती, टाळू खोल होती. बाईने बाटली देऊन तेल घाल म्हटलं. तिने घातलं, दिवसातून तीन वेळा. गुरुवारी डॉक्टरकडे न्यायची म्हणून सकाळी राखेने अंग चोळून, धुवून-पुसून आणायची, म्हणून काट्यावर कुणाला काही कळलं नाही.

चुलीवर पेज होती. मी झाकण काढून बघितलं. वर पाणी, तळाला थोडी शितं.

"मंजी," मी म्हटलं, "हे पेजेत घालायचं होतं. पोटात."

तिचा हात थांबला. "पोटात?"

"पोटात. खायला."

तिने बाटली उचलून उजेडात धरली. "तू घाल बोल्लीस."

"हो."

"भरव बोल्ली नाय."

"नाही."

"आमी सगळी कोरडं खातोय, मीठ-मिरची. सासू बोल्ली, जरा दे कालवनाला. मी हात लावू दिला नाय. पोरीचं हाय बोल्ली." मग तिने बुधीच्या पोटावर हात ठेवला, तेल परत गोळा करता आलं तर करावं तसा. मला दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या दिवशी मी चुलीपाशी बसून तिला दाखवलं. पेज घट्ट करायची. खाली उतरवल्यावर तेल घालून घोटायची, तेल वर तरंगता कामा नये. आधी अर्धा चमचा, नाहीतर मूल थुंकतं. दुसऱ्या वेळी पूर्ण. शेंगदाणे भिजवून पाट्यावर लोण्यासारखे वाटायचे आणि तेही घोटायचे. मी विचारलं, खुरासणी आहे का? वाडीचे लोक डोंगरउतारावर खुरासणी लावतात, ते काळं बारीक बी असतं, दाबलं की बोटाला तेल लागतं. पण पीक आलं की बदलापूरच्या व्यापाऱ्याला घालून मोकळे होतात, घरात ठेवत नाहीत. मंजी आत गेली आणि एक पुरचुंडी घेऊन आली.

"हे तर पेरणीचं बी असेल," मी म्हटलं.

"मूठभर कमी पेरू," ती म्हणाली आणि पाटा धुवायला घेतला.

मी दिवसाआड वर जायला लागले. हाक मारून परत न फिरता आत जाऊन बसायचे. पुढच्या गुरुवारी काटा पाच पाचशेवर गेला. त्याच्या पुढे पाच साडेसातशे. वैशाखात मंजीने बदलापूर स्टेशनबाहेर करवंदं विकली आणि दहा रुपये आणून माझ्या हातावर ठेवले. दुसरी बाटली आणली, तिसरी आणली. ज्येष्ठ संपता-संपता बुधी सहा किलो शंभर झाली होती आणि काट्यात बसवली की रडायला लागली होती. तिचं रडणं ऐकून मंजी मोठ्याने हसायची. झऱ्यावरच्या बायकाही आपली मुलं आणून म्हणायला लागल्या, आमच्या पोराला काय घालायचं ते नीट सांग बाई, नायतर आमी पन तळून काढू.

त्या रजिस्टरातल्या ओळीबद्दल मी डॉक्टरांना सांगितलं. म्हणजे सांगायला गेले. ते स्कूटरला किक मारत होते. मी म्हटलं, "साहेब, ते बुधीच्या आईचं... ती तेल घालत होती. अंगाला." स्कूटरच्या आवाजात त्यांना किती ऐकू गेलं, माहीत नाही. "बरं बरं, आता वजन वाढतंय ना? छान," म्हणाले आणि गेले. ओळ तशीच राहिली. ती मी स्वतः खोडू शकले असते. पेन माझ्याकडे होतं. रजिस्टरात खाडाखोड करायची नाही असं मॅडमनी सांगितलं होतं, आणि मी ते पाळलं.

आषाढात वाडीत जुलाबाची साथ आली. मी मीठ-साखरेचं पाणी करायला घरोघर शिकवलं. या वेळी प्रत्येकीकडून माझ्यासमोर करून घेतलं, समोर पाजायला लावलं. धट्टीकट्टी मुलं दोन दिवसांत उठून खेळायला लागली. तिसऱ्या-दुसऱ्या ग्रेडची चार दिवसांनी उठली. बुधीच्या अंगात चार दिवसांचं बळ नव्हतं. तीन महिन्यांत अंगावर जे साठलं ते सातशे ग्रॅम. आधीचे ते तीन आठवडे मिळाले असते तर आणखी किती साठलं असतं, याचा हिशेब मी तेव्हाही केला, आताही करते. डॉक्टर म्हणाले होते, चांगलं खाणं लागू पडलं की असं मूल आठवड्याला दोनशे-अडीचशेसुद्धा घेतं. तेवढ्याने ती वाचली असती की नाही, ते कोणी सांगू शकत नाही. मी विचारलंही नाही.

दवाखान्यात न्यायचं म्हणून मी सकाळी वर गेले, तेव्हा मंजी तशीच पाय लांब करून बसली होती. बुधी पायांवर. पाणी तोंडातून परत येत होतं. डोळे आत गेले होते, टाळू खळग्यासारखी खोल गेली होती. मंजीने तिसऱ्या बाटलीतलं उरलेलं तेल त्या खळग्यात घातलं आणि बोटांनी जिरवत राहिली. टाळू वर आली की मूल उठतं, असं तिची आई सांगायची.

मी तिला अडवलं नाही. घाल म्हटलं.

आम्ही तिला घेऊन खाली निघालो. चामटोलीचा डांबरी रस्ता लागायच्या आत बुधी गेली. मंजीने माझ्याकडे बघितलं आणि न सांगताच मागे वळून परत वर चालायला लागली.

महिन्याची मीटिंग उल्हासनगरला असायची. सगळ्या बालवाड्यांच्या बाया सतरंजीवर बसायच्या आणि मॅडम एकेकीचं रजिस्टर मोठ्याने वाचायच्या. माझं वाचलं. "मृत्यू एक. कारण जुलाब. मागचा शेरा, आईचे सहकार्य नाही." त्या थांबल्या. "तुम्ही समजावलं होतंत ना, बाई?"

"हो," मी म्हटलं.

"मग तुम्ही काय करणार? घोड्याला पाण्यावर नेता येतं, पाजता येत नाही. मनाला लावून घेऊ नका." शेजारच्या बाईने माझ्या पाठीवरून हात फिरवला. सगळ्या माझ्याकडे मायेने बघत होत्या. बोलायचं ते तेव्हाच बोलायचं होतं. पुढच्या बाईचं रजिस्टर सुरू झालं. माझं भरलं होतं, म्हणून ते तिथेच कपाटात जमा करून मला नवं दिलं.

त्यानंतर मी सतरा वर्षं त्या कामात होते. सुपरवायझर कधी झाले नाही, व्हायचंही नव्हतं. नव्या मुली यायच्या, बारावी झालेल्या, ट्रेनिंग घेतलेल्या. त्या आयांना सांगायच्या, आहारात तेल घाला, तीळ घाला, शेंगदाणे घाला. मी त्यांना एवढंच शिकवायचे, की घाला म्हणू नका. भरवा म्हणा. कशात, किती, ते सांगा, आणि एकदा समोर बसून करून घ्या. त्या हो म्हणायच्या आणि बाहेर जाऊन घाला म्हणायच्या.

बुधी गेली त्याच वर्षी मार्गशीर्षात मंजी आली. बालवाडी सुटली होती, मी भांडी घासत होते. खुरासणी विकून ती तशीच बदलापूरहून चालत आली होती. तिला सहावा-सातवा महिना असेल. ती उंबऱ्यात बसली आणि लुगड्याच्या गाठीतून पैसे काढले.

"तुझं राह्यलंय," म्हणाली.

मी म्हटलं, "मंजी, ते राहू दे गं. मी शेठचे केव्हाच दिले."

"शेटचं तू दिलंस. तुझं मी देनार. राहू दे कसं?" तिने पोटावर हात ठेवला. "फुकटचं अंगावर राह्यलं तर ह्याला गुन येनार नाय."

मी हात पुसले आणि वही काढली. एकूण एकोणचाळीस रुपये. करवंदांचे दहा आलेले. तिला मोजता येत नव्हतं, म्हणून मी तिच्यासमोर एकेक नोट, एकेक नाणं मोठ्याने मोजलं. एकोणतीस झाले.

"बरोबर हाय?" तिने विचारलं.

"बरोबर."

"मंग खोड."

मी पेन घेतलं आणि तिच्या नावासमोरची ओळ ती बघत असताना खोडली. एकदा खोडून तिचं भागेना. पुन्हा खोड म्हणाली, खालचं दिसता कामा नये. मी खाली काही दिसेनासं होईपर्यंत खोडलं. मग ती उठली आणि गेली. पैसे पूर्ण फिटले होते.